बर्फाचा ताळेबंद

वीस-बावीस वर्षे बँकेत काढली की माणसाला कुठलाही तक्ता नुसता बघवत नाही. आगगाडीचे वेळापत्रक असो, लग्नातल्या आहेराची यादी असो, की पेपरातले पावसाचे आकडे असोत. नजर आपोआप शेवटच्या ओळीवर जाते आणि बेरीज पडताळू लागते. आमच्या सौ.च्या मते हा आजार आहे आणि तो मला बी.कॉम. झाल्यापासून जडलेला आहे. असेल. पण ह्या आजाराचा एक फायदा असा, की ज्या विषयातले आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्यावरही बेरजेच्या जोरावर अधिकारवाणीने बोलता येते. उदाहरणार्थ, बर्फावरचे खेळ.

बर्फाशी माझा संबंध म्हणाल तर तो गोळ्याच्या गाडीपर्यंतचा. जानेवारीत पारा बारावर उतरला की मी दूध आणायला कानटोपी, मफलर आणि स्वेटर असा जामानिमा करून निघतो आणि घरी येऊन दोन कप चहा पितो. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची पोरेपोरी पायाला फळ्या बांधून स्वखुशीने डोंगरावरून खाली झेप घेतात, हे पाहून मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या आयांचेच कौतुक वाटते. आमच्याकडे पोरगा गच्चीच्या कठड्यापाशी गेला तर तीन मजल्यांवरून हाका येतात.

ह्या पोरांच्या जागतिक जत्रेला युवा हिवाळी ऑलिम्पिक म्हणतात. वय साधारण पंधरा ते अठरा. कल्पना १९९८ साली योहान रोझेनझॉप्फ नावाच्या एका ऑस्ट्रियन गृहस्थाने काढली. हा गृहस्थ खेळाडू नव्हे, कारखान्याच्या व्यवस्थापनातला. पोरे लठ्ठ होत चालली आहेत, ही त्याची तक्रार. जगातल्या प्रत्येक बापाची ती असते. पण बाकीचे बाप ती जेवणाच्या ताटावर बोलून दाखवतात, ह्याने आंतरराष्ट्रीय समितीकडे नेली. नऊ वर्षांनी, जुलै २००७ मध्ये, ग्वाटेमाला शहरातल्या सभेत ती मंजूर झाली. नऊ वर्षे हा काळ कुणाला जास्त वाटेल. ज्यांनी वरच्या कचेरीकडे पंख्याच्या दुरुस्तीचा अर्ज पाठवला आहे, त्यांना वाटणार नाही.

पहिले उन्हाळी युवा ऑलिम्पिक सिंगापुरात २०१० साली झाले आणि पहिले हिवाळी इन्सब्रुकला, २०१२ च्या जानेवारीत. पुढे २०१६ ला नॉर्वेतले लिलेहामर, २०२० ला स्वित्झर्लंडमधले लोझान आणि २०२४ ला दक्षिण कोरियातला गांगवोन प्रांत. चार खेपा झाल्या म्हणजे चार ताळेबंद झाले. आता बघू या कोणाची शिल्लक किती.

ऑलिम्पिकच्या सनदेत कितीतरी वर्षे असे कलम होते, की समितीने देशांची क्रमवारी लावू नये. स्पर्धा खेळाडूंची आहे, देशांची नव्हे. फार उदात्त कलम. आमच्याकडेही शाखाशाखांत ठेवींची तुलना करू नये असे तोंडाने सांगतात आणि दर सोमवारी तुलनेचा तक्ता पाठवतात. तेव्हा जगभरचे पेपरवाले जे करतात तेच मी केले. तक्ता घेतला आणि पेन्सिल काढली.

२०१२ साली पहिला जर्मनी, आठ सुवर्णे. २०१६ साली अमेरिका आणि दक्षिण कोरिया दोघांची दहा-दहा. रुपे जास्त म्हणून अमेरिका वर. २०२० साली रशिया आणि स्वित्झर्लंड पुन्हा दहा-दहा, पुन्हा रुप्यावर निकाल, रशिया वर. २०२४ साली इटली, अकरा. चार खेपांना चार निरनिराळे पहिले नंबर. आमच्या कॉलनीत गणेशोत्सवाच्या धावण्याच्या शर्यतीत सलग सात वर्षे एकाच घरात बक्षीस जाते आणि त्यावरून दोन बायका एकमेकींशी बोलत नाहीत. त्या मानाने जगाचे बरे चालले आहे.

पण ह्या यादीत एक नाव नाही, आणि ते नसणे मला बरेच दिवस बोचत होते. नॉर्वे. वस्ती पंचावन्न लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. पण थोरामोठ्यांच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये २०१८ साली ह्या देशाने ३९ पदके नेली आणि २०२२ साली १६ सुवर्णे. दोन्ही त्या त्या वेळचे उच्चांक. आणि पोरांच्या ऑलिम्पिकमध्ये? चार खेपांत एकदाही पहिला नाही. खुद्द घरच्या अंगणात, लिलेहामरलासुद्धा नाही. जो माणूस मुदत ठेवीवर एवढे व्याज घेतो त्याचे बचत खाते असे बेताचे कसे, असा प्रश्न कुठल्याही कारकुनाला पडेल.

त्याचे उत्तर त्यांच्या एका नियमावलीत आहे. १९८७ साली नॉर्वेच्या क्रीडासंघटनेने मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ साली मुलांच्या हक्कांसकट ते पुन्हा पक्के केले. मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत निकालाची यादी लावायची नाही, गुणतक्ता नाही, क्रमांक नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे प्रकार तेराव्या वर्षापर्यंत बंद. लहानांच्या स्पर्धेत बक्षिसे द्यायची तर सगळ्यांना द्यायची, नाहीतर कुणालाच नाही.

मी हे बँकेत डबा खाताना सांगितले तर आमचे हेडकॅशियर घास हातात धरून थांबले.

"नंबर लावत नाहीत? मग पोराला कळतं कसं, आपण कुणाच्या पुढे आहोत ते?"

"कळत नाही."

"आणि आईबापांना?"

"त्यांनाही नाही."

"मग ते मुलाच्या मागे लागतात कशाच्या जोरावर?"

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि बहुधा नॉर्वेपाशीही नसावे. आमच्याकडे सीनियर केजीच्या निकालाला पेढे वाटतात आणि 'ए प्लस' ऐवजी नुसता 'ए' आला तर तेच पेढे जरा छोटे असतात. पंधराव्या वर्षी पहिला यायची नॉर्वेच्या पोरांना घाई नाही. ती पंचविसाव्या वर्षी येतात, तेव्हा आपण तक्त्यात बघतो आणि म्हणतो, ह्यांच्या रक्तातच बर्फ आहे.

असो. खरी गंमत पुढेच आहे. ताळेबंदात देशाचे नाव असते. पण मला सवय अशी, की खात्यावरच्या नावापेक्षा पैसे भरायला खिडकीशी कोण येते ते बघावे. ते बघू लागलो आणि तक्ता डोळ्यांदेखत हलायला लागला.

इन्सब्रुकचेच घ्या. आल्प्समधले गाव. ह्या गावात मोठे हिवाळी ऑलिम्पिक दोनदा झाले. १९६४ साली ऐन वेळी हिमवर्षावाने दगा दिला, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरातून वीस हजार बर्फाच्या लाद्या आणि चाळीस हजार घनमीटर बर्फ वाहून आणला. आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी नोटा संपल्या म्हणजे दुसऱ्या शाखेतून पेट्या आणतात, तोच प्रकार. तर ह्या गावी २०१२ साली वय वर्षे सोळाच्या आदम लामहमेदीने 'सुपर-जी' नावाची उतारावरची शर्यत मारली. सुवर्ण कुणाच्या खाती जमा? मोरोक्कोच्या. आफ्रिकेतल्या देशाला हिवाळी ऑलिम्पिकच्या कुठल्याही प्रकारात मिळालेले हे पहिले सुवर्ण. ऑस्ट्रियाच्या पोरांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच डोंगरावर, वाळवंटाचा झेंडा वर गेला.

मोरोक्कोत अॅटलास पर्वत आहे, त्यावर बर्फ पडतो, ऊकाईमदेन येथे लोक स्कीही करतात; तेव्हा 'वाळवंट' हा शब्द माझा अन्याय आहे. पण लामहमेदी जन्मला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये. बाप मोरोक्कन, आई कॅनडाची. के.वाय.सी.ला कागद दोन देशांचे, आणि त्याने बापाच्या गावचे खाते निवडले, जिथे त्याच्या आधी कुणी एक पैसा भरला नव्हता. कॅनडाच्या खाती ते सुवर्ण गेले असते तर बेरजेत विरून गेले असते. मोरोक्कोच्या खाती ते अजून चमकते आहे.

तुम्ही म्हणाल, हे परक्यांचे झाले. आपले काय? आपलेही खाते गंमतीचेच आहे, आणि ते उघडलेही ह्याच इन्सब्रुकमध्ये. १९६४ च्या त्या उसन्या बर्फावर हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा पहिला खेळाडू उतरला. नाव जेरेमी बुयाकोव्स्की. नाव वाचून तुम्ही थबकला असाल. मूळचा पोलिश माणूस, भारताच्या वतीने स्की करणारा. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, २०१२ साली, त्याच गावी पोरांच्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून आंचल ठाकूर उतरली. मनालीजवळच्या बुरुआ गावची, वय पंधरा. पदक मिळाले नाही. पण २०१८ साली तुर्कस्तानात एर्झुरुमच्या स्पर्धेत तिने स्लॅलममध्ये ब्राँझ मिळवले, आणि स्कीमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक म्हणून तेव्हा ते पेपरात आले. ज्या देशाच्या नकाशाच्या डोक्यावर जगातल्या मोठ्या बर्फाच्या साठ्यांपैकी एक आहे, त्या देशाची ही जमा. ठेव आपली, वापर शून्य. बँकेच्या भाषेत ह्याला निष्क्रिय खाते म्हणतात.

मनालीजवळच्याच वशिष्ठ गावचा शिव केशवन १९९८ साली नागानोला लूज खेळला तेव्हा सोळा वर्षांचा होता. पोरांचे ऑलिम्पिक तेव्हा नव्हते, म्हणून थेट मोठ्यांच्यात. लूज म्हणजे पाठीवर झोपून, पाय पुढे करून, बर्फाच्या नळीतून घसरणे. सरावाला भारतात नळी नाही. मग केशवनने घसरगाडीला चाके लावली आणि हिमालयातल्या डांबरी रस्त्यावर ट्रक आणि मेंढरे चुकवत सराव केला. पुढे तो सहा ऑलिम्पिक खेळला. मेंढरे चुकवण्याचा प्रकार ऑलिम्पिकमध्ये असता तर पदकांची संख्याही सहाच असती.

इन्सब्रुकच्या त्याच जानेवारीत मुलींच्या स्की-उडीचे सुवर्ण जपानच्या सारा ताकानाशीने नेले. त्यात काय विशेष? विशेष एवढेच, की पुरुष हा प्रकार हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १९२४ पासून खेळत होते आणि बायकांना २०१२ पर्यंत तिथे मज्जाव होता. २००५ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या खुद्द अध्यक्षांनी हा खेळ वैद्यकीयदृष्ट्या बायकांना योग्य वाटत नाही, असा अभिप्राय दिला होता. २००९ साली उडी मारणाऱ्या बाया कॅनडात कोर्टात गेल्या आणि हरल्या. थोरांच्या ऑलिम्पिकचे दार उघडले २०१४ ला. म्हणजे जी गोष्ट मोठ्या बायकांच्या प्रकृतीला झेपणार नव्हती ती पंधरा वर्षांच्या पोरीने दोन वर्षे आधीच करून दाखवली. तिने पुढे जागतिक करंडकाच्या साठाहून अधिक स्पर्धा जिंकल्या. तिच्या प्रकृतीची कुठे तक्रार ऐकली नाही.

आता लिलेहामर, २०१६. अमेरिका दहा, कोरिया दहा. ह्या दहातली अमेरिकेची दोन सुवर्णे एकट्या क्लोई किमची, स्नोबोर्डवरची. ही पोर कॅलिफोर्नियात जन्मलेली. आईबाप कोरियातून आलेले. बापाने नोकरी सोडली आणि पोरीला गाडीत घालून डोंगरावर न्यायचे काम पत्करले. नोकरी सोडून पोरीला बर्फात नेणारा बाप आमच्या स्टाफ कॉलनीत निघाला असता तर त्याच्या सासऱ्यांनी तातडीने बैठक बोलावली असती. आता पोस्टिंग बघा. ही दोन सुवर्णे आईबापांच्या जुन्या खात्यावर गेली असती तर कोरिया बारा आणि अमेरिका आठ. पहिल्या नंबरचा आणि दुसऱ्या नंबरचा फरक म्हणजे एका माणसाने कधीकाळी काढलेले विमानाचे तिकीट. दोन वर्षांनी ती मोठ्यांच्या ऑलिम्पिकमध्ये जिंकली, तेही कुठे, तर कोरियातच.

इटलीची २०२४ ची अकरा सुवर्णे पाहतानाही मला हाच रोग आवरला नाही. इटलीच्या स्कीच्या आणि लूजच्या संघांच्या याद्या वाचा. मधूनच जर्मन आडनावांची रांग लागते. कारण ही मंडळी दक्षिण तिरोलची. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाकडे होता, १९१९ च्या तहाने इटलीकडे गेला. डोंगर तेच, घरात भाषा तीच, बर्फही तोच. शाखा एका झोनमधून दुसऱ्या झोनकडे वर्ग झाली, ठेवीदार जागच्या जागी. इन्सब्रुक तिथून डोंगराच्या पलीकडच्या बाजूला आहे. डोंगराला कुणी कळवले असेल असे वाटत नाही.

आणि रशिया? २०२० ला पहिला, २०२४ ला तक्त्यात नावच नाही. युक्रेनवरच्या २०२२ च्या हल्ल्यानंतर दारे बंद होत गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रशियाची ऑलिम्पिक समिती निलंबित झाली. आमच्या भाषेत, खाते गोठवले. ते बरोबर की चूक ह्यावर मोठी माणसे भांडत आहेत. मी फक्त एवढे बघतो, की २०२० साली जे पोर बारा वर्षांचे होते, रोज पहाटे उठून घसरत होते, ते २०२४ ला सोळाचे झाले आणि त्याची खिडकी बंद होती. शेजारच्या देशातल्या त्याच्याच वयाच्या पोराच्या गावात बर्फावरचे मैदानच उरले नव्हते. सोळावे वर्ष पुढच्या हप्त्यात मिळत नाही.

एवढे सगळे तपासून झाल्यावर तक्त्याच्या तळाशी एक ओळ सापडली आणि मी खुर्चीत सावरून बसलो. तिथे देशाचे नाव नव्हते. लिहिले होते, 'मिश्र संघ'. आणि त्याच्यासमोर चक्क सुवर्णे, रुपी, ब्राँझ.

बँकेत ज्याला कुठे टाकावे ते कळत नाही अशी रक्कम आली की ती सस्पेन्स खात्यात टाकतात. ऑडिटर हे खाते सर्वांत आधी उघडतो आणि मॅनेजरला घाम फुटतो. पोरांच्या ऑलिम्पिकने हे सस्पेन्स खाते मुद्दाम, उजळ माथ्याने उघडले होते! काही प्रकारांत निरनिराळ्या देशांची पोरे एकाच संघात घालायची. कर्लिंगमध्ये, म्हणजे वीस किलोचा गुळगुळीत धोंडा बर्फावर सोडून त्याच्यापुढे झाडू मारत पळायच्या खेळात, एका देशाचा मुलगा आणि दुसऱ्या देशाची मुलगी अशी जोडी संयोजकच लावून देत. कुंडली न बघता. २०२० साली अशा जोड्यांत हंगेरीची मुलगी आणि कॅनडाचा मुलगा पहिले आले. कॅनडा हा कर्लिंगमधला सावकार, हंगेरी किरकोळ खातेदार. सुवर्ण दोघांत एक, खाते जॉइंट. बरे, ह्या खेळात झाडू मारताना ओरडून सूचना द्याव्या लागतात. आमच्या घरी दोघांची मातृभाषा एक असूनही झाडू कुठे मारायचा ह्यावर एकमत होत नाही.

लोझानला ह्याच खेपेला आइस हॉकीत कमालच केली. तीन-तीन जणांची हॉकी, आठ संघ, प्रत्येकात तेरा खेळाडू, आणि संघांना देशांऐवजी रंगांची नावे. हिरवा, पिवळा, करडा, तपकिरी. ज्या देशाला अख्खा हॉकीचा संघ जन्मात उभा करता आला नसता, तिथलाही एखादा पोरगा बडोबड्यांच्या पोरांबरोबर एका बाकावर बसला. राष्ट्रीय अभिमानाने छाती फुगवायला आलेल्या काकांची किती पंचाईत झाली असेल! ओरडायचे कुणाच्या नावाने? "तपकिरी, तपकिरी" म्हणून घसा किती ताणणार?

मला हे खाते फार आवडले. ज्याच्याकडे बघून ऑडिटर भुवया उंचावतो ते सहसा मला आवडतेच. पण ऑडिटर शेवटी येतोच. गांगवोनला २०२४ साली हॉकी आणि कर्लिंग पुन्हा देशांच्या हवाली झाले. हॉकीत लॅटव्हियाच्या मुलांनी आणि हंगेरीच्या मुलींनी सुवर्णे नेली. छोटे देश जिंकले म्हणून बरे वाटले. पण रंग गेले. सस्पेन्सच्या नोंदी ज्याच्या त्याच्या खाती वळत्या झाल्या. हेडकॅशियर म्हणाले, "हिशेब सरळ झाला बुवा." झाला खरा.

मात्र ह्या कोरियाकडे दुसरे एक खाते होते, ते कुणी बंद केले नाही. गांगवोन प्रांताने २००४ पासून बर्फ न पडणाऱ्या देशांतली पोरे बोलावून त्यांना हिवाळी खेळ शिकवायला सुरुवात केली. हेतू सरळ होता, ऑलिम्पिक मिळवायचे होते. आणि त्यांचे प्योंगचांग गाव २००३ साली व्हँकुव्हरपुढे तीन मतांनी हरले होते. २००७ साली सोचीपुढे चार मतांनी पुन्हा हरले. तेही ग्वाटेमालाच्या त्याच सभेत, जिथे पोरांचे ऑलिम्पिक मंजूर झाले. दोनदा अर्ज नामंजूर झालेला माणूस एव्हाना चहापाण्याचा खर्च थांबवतो. ह्यांनी पोरे बोलावणे थांबवले नाही. २०१८ चे ऑलिम्पिक पदरात पडले, संपले, आणि त्यानंतरही तिथल्या घसरपट्टीवर परदेशची पोरे शिकत राहिली.

त्यांतलाच ट्युनिशियाचा जोनाथन लूरिमी २०२४ साली मोनोबॉबमध्ये रुपे घेऊन गेला. मोनोबॉब म्हणजे एकट्याने गाडी ढकलायची, एकट्याने उडी मारून आत बसायचे आणि खाली पोचेपर्यंत एकट्यानेच देव आठवायचा. ट्युनिशिया हिवाळी खेळांत ह्याआधी कधी उतरलाच नव्हता. मुलींच्या मोनोबॉबमध्ये रुपे थायलंडच्या अॅग्नेस काम्पेओलला मिळाले. कुठल्याही हिवाळी ऑलिम्पिकमधले त्या देशाचे पहिले पदक. आणि तिच्या पुढे सुवर्ण कुणाला? डेन्मार्कच्या माया व्होइटला. मी लगेच नकाशा काढला. डेन्मार्कमधले सगळ्यात उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून १७१ मीटर आहे. पुण्याचा लक्ष्मी रस्ता त्याच्या तिपटीहून उंच भरतो. डोंगरावरून घसरण्यात जगात पहिली आली ती जिच्या देशात डोंगर नाही ती, आणि दुसरी आली ती जिच्या देशात बर्फ नाही ती.

हेडकॅशियरांना हे सांगितले. त्यांनी नोटांचे बंडल मोजता मोजता विचारले, "लक्ष्मी रस्त्याला उतार कुठल्या बाजूला आहे हो?"